माळेगावच्या पुढे लागणारा दिवा

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आज पुन्हा लागला. माळेगाव ओलांडून तीन-चार किलोमीटर झाले असतील. लाल, गोल, मधे उद्गारचिन्ह. मोजून सहा सेकंद. मी म्हणालो, काका, दिवा! शेजारच्या सीटवरून भुजंगकाका पुढे वाकले, मीटरजवळ तोंड नेलं, म्हणाले, "कुठं हाय?" — आणि तेवढ्यात विझला. मागून सिंधुकाकूंनी विचारलं, काय झालं? काही नाही म्हणालो. विझलेल्या दिव्याचं काय सांगणार?

अहमदपूरच्या अलीकडे परत. चाकूरच्या अलीकडे परत. दोन्ही वेळा मी सांगितलं, दोन्ही वेळा काका वाकले, दोन्ही वेळा विझला. शेवटी म्हणाले, "संघपाल, दिव्याकडं नको. रोडाकडं बघ."

सप्टेंबरपासून मी ही गाडी चालवतो. काकांना साखरेमुळे डोळ्यांचा त्रास, दर दुसऱ्या गुरुवारी नांदेडहून लातूर. तिथे डोळ्यात इंजेक्शन देतात. काकूंची भाची मनिषा त्या दवाखान्यात नर्स आहे, म्हणून लातूर. काका स्वतः एस. टी.चे ड्रायव्हर, एकतीस वर्षं, एकही अपघात नाही. आता डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावू नका म्हणून सांगितलंय. म्हणून मी.

शहरात आठवडाभर फिरतो. बाजार, बँक, काकूंचं भजन मंडळ. एकदाही लागत नाही. लांब गेलं की लागतो.

लातूरला थांबलो तेव्हा चारही चाकांना हात लावून पाहिला. मागची दोन पुढच्यांपेक्षा गरम. का?

दवाखान्यात तासभर. काकांच्या डोळ्याला पट्टी नव्हती. पाच वाजता घरी.

२९ नोव्हेंबर

गाडीबरोबर आलेलं पुस्तक वाचलं. इंग्रजी आहे. दहावीनंतर इंग्रजीशी संबंध सुटला, तरी शब्दकोश घेऊन एक पान पूर्ण केलं. दीड तास लागला. त्या दिव्याचे अर्थ दोनच: एक, हँडब्रेक लागलेला आहे. दोन, ब्रेक ऑइल कमी आहे.

हँडब्रेक खालीच असतो. प्रत्येक वेळी दिवा विझल्यावर मी खात्री केली आहे. म्हणजे ऑइल.

ऑइलची डबी उघडून पाहिली. खुणेपर्यंत भरलेली! मग काय?

३० नोव्हेंबर

खाजाभाईंकडे गेलो. देगलूर नाक्याजवळ त्यांचं गॅरेज आहे. त्यांनी बॉनेट उघडलं, डबी हलवली, खाली सरपटत जाऊन आले, हात पुसले. म्हणाले, सगळं बराबर आहे. मी म्हणालो, लागतो खाजाभाई, मी डोळ्याने पाहिलाय. मग तुझ्या डोळ्यातबी एक इंजेक्शन देऊ म्हणाले. गॅरेजमधले सगळे हसले. मीही हसलो. हसायला नको होतं.

डबीतला तरंगता सेन्सर नवा टाकून घेतला. जुना कागदात गुंडाळून ठेवला आहे, दाखवायला लागेल.

२ डिसेंबर

काकांच्या मुलाचा फोन. संगमेशदादा, पुण्याला असतात. काकूंनी त्यांना सांगितलेलं दिसतं. मला विचारलं, किती दिवसांपासून लागतो? पहिल्या फेरीपासून म्हणालो. बाबांना दिसला का? नाही. आईला? नाही. मेकॅनिकला? नाही.

मग म्हणाले, "हे बघ, ब्रेकचा विषय आहे. जानेवारीअखेर मी येतोय. तोवर कारण सापडलं तर ठीक. न्हाई तर गाडी काढून टाकू. मनिषा बघेल काय करायचं ते."

गाडी गेली की ड्रायव्हर गेला. हे त्यांनी म्हटलं नाही, म्हणायची गरजही नव्हती.

झोप येत नाही. शाळेच्या व्हॅनची नोकरी गेली तीही अशीच. मी वाटेत थांबून टायर बघायचो, दार बघायचो, मुलं उशिरा पोचायची. व्हॅनवाल्याने सगळ्यांसमोर म्हटलं होतं, ह्याला गाडी चालवायची न्हाई, गाडीची पूजा करायची हाय. वर्षात दुसरी नोकरी जायला नको. कंधारला परत जाऊन आईला काय सांगू — आता दिवा दिसला म्हणून काढलं?

गुरुवारच्या तीन फेऱ्या हातात आहेत. जास्तीत जास्त चार.

६ डिसेंबर

कंधार. सकाळी आईबरोबर विहारात. मेणबत्ती लावताना पण मीटरवरचाच दिवा डोळ्यासमोर. वाईट वाटलं.

आईने विचारलं, "काम कसं चालू हाय?" चांगलं चालू आहे म्हणालो.

८ डिसेंबर

खाजाभाईंच्या हातापाया पडून त्यांना गाडीत बसवलं. रविवार होता म्हणून आले. काकांना विचारून गाडी नेली. माळेगावच्या पुढे, थेट अहमदपूरपर्यंत आणि परत. काकांच्या जागेवर खाजाभाई. सगळ्या वाटेत माझी नजर मीटरवर, आणि खाजाभाईंची माझ्यावर.

लागला नाही. एकदाही नाही!

अहमदपूरला चहा पिताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. या वेळी मस्करी नव्हती. "भाऊ, गाडी बिमार न्हाई. तू लई विचार करून राहिला." रात्रीची झोप होते का, विचारलं. घरात कोणाला असलं काही आहे का, विचारलं.

परत येताना मीटरकडे एकदाही पाहिलं नाही. भीतीच वाटली. लागला असता तर? आणि नसता लागला तर?

९ डिसेंबर

खरंच मला भास होतो का? असेल तर गाडी चालवणं बरोबर नाही. गाडीत दोन म्हातारी माणसं बसतात.

पण भास असेल तर सहा सेकंदच का? आणि मागची चाकं गरम का? चाकांना कसला भास?

नवीन वही केली. डावीकडे आकडा, उजवीकडे जागा. घरापासून किती किलोमीटर, वेग किती, चढ की उतार, पंखा चालू की बंद, कोण कुठे बसलंय. आता मनाचं काही लिहायचं नाही. दिसेल तेच.

१२ डिसेंबर, गुरुवार

लागला. पाच वेळा. लातूरला दवाखान्याच्या गेटवर लगेच वहीत उतरवलं:

४६ — माळेगावच्या पुढे. सरळ रस्ता. वेग ७०.
५३ — माळाकोळीच्या पुढे. सरळ. ७०.
६४ — अहमदपूरच्या अलीकडे. किंचित उतार. ६५.
८४ — शिरूर ताजबंदच्या पुढे. सरळ.
९७ — चाकूरच्या अलीकडे. सरळ.

या वेळी मी काही बोललो नाही. न बोलल्यामुळे जास्त वेळ राहिला, ९७ ला तर अकरा सेकंद. काका शांत बसले होते. गाडीत बसले की ते नेहमी तसेच बसतात, ताठ, समोर बघत, टॉवेल मांडीवरून मधल्या जागेत सोडलेला. लोह्याच्या पुढे गेलं की बोलणं बंद. काकू म्हणतात, ड्यूटीवर चढले.

येताना बोलले थोडं. इथं एकदा बैल आडवा आला होता, तिथं एक कंडक्टर पावसात सुटला होता. बोलायला लागले की चेहरा खुलतो. मला म्हणाले, तुझं ब्रेक मारणं उशिराचं आहे. वळणावर ब्रेक मारायचा नसतो, वळणाच्या आधी मारायचा, वळणात पाय सोडायचा. मी हो म्हणालो. आज तर मी कुठे ब्रेकच मारला नव्हता.

पट्टी नव्हती. चाकं मागची गरम.

१५ डिसेंबर

खाजाभाईंनी हँडब्रेकखालचं, दिवा लावणारं बटण बदललं. माझ्या समाधानासाठी, असं म्हणाले. मागच्या चाकांचे ब्रेक-ड्रम पण उघडले. आतले लायनर जरा जास्त घासलेत. "हँडब्रेक लावून चालवतो का?" मी? मी तर निघताना तीनदा बघतो!

२६ डिसेंबर, गुरुवार

माळेगावची यात्रा भरत आली आहे. लोह्यापासूनच रांग. घोडे, उंट, गाढवं, पाळण्याचे ट्रक. दहा किलोमीटरला पाऊण तास. काकूंनी काच खाली करून बाहेर बघितलं, काकांना सांगत होत्या, पांढरा घोडा आलाय बघा, लई देखणा. काका म्हणाले, बघितला.

घोडा उजवीकडे होता. काका डावीकडे बघत होते.

४६ ला नाही लागला. आधीच, ४३ ला लागला! किलोमीटरवर नाही, वेळेवर चालतो की काय? इंजिन तापायला लागणारा वेळ? पण पुढे ५३, ६४, ८४, ९७. जसेच्या तसे. गाव ओलांडलं की परत आकड्यावर येतो. नवीन बटण, नवीन सेन्सर, आणि जागा त्याच!

यंत्राला जागा कशा कळतात?

२९ डिसेंबर

काही सुचत नाही. संगमेशदादांनी मेसेज केला: काही कळलं? मी लिहिलं: तपास चालू आहे. पोलीस असल्यासारखं वाटलं.

९ जानेवारी, गुरुवार

४६. ५३. ६४. ८४. ९७. पाचही. आता तर दिवा लागायच्या आधी मला कळतं. ६४ यायच्या आधी मी मनात तीन म्हटलं, दोन म्हटलं, एक — लागला.

चाकूरच्या पुढे चहाला थांबलो. काका गाडीचं दार धरून उभे राहिले, मग कठड्याला धरून, मग काकूंचा खांदा. काकू बोलता बोलता कपाची कड त्यांच्या बोटाला लावतात, मग ते कप धरतात. बघणाऱ्याला वाटावं, सहज हातात दिला.

काकांनी विचारलं, "दिवा लागला का रे आज?" सांगितलं, पाच वेळा. म्हणाले, संगमेशला सांगायचं न्हाई. मग कप खाली ठेवत, "माझंबी आहे त्याच्यात. गाडी गेली तर मी कुठं जातो?"

पट्टी नव्हती.

१३ जानेवारी

बसस्टँडवर गेलो होतो. तिथे दगडोबा भेटतात. ते काकांच्या हाताखाली शिकलेले ड्रायव्हर, अजून नोकरीवर, लातूरचीच गाडी करतात. डोक्यात होतं की रोज त्या रस्त्याने जातात, त्या पाच जागांवर काही खड्डा, उंचवटा, वरून गेलेली मोठी तार असं काही असेल तर सांगतील. वहीतलं पान पुढे केलं.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. एकदा वाचलं, परत वाचलं. मग हसले. "ही यादी तुला भुजंगरावांनी दिली का?"

मी म्हणालो, नाही, माझीच आहे.

"तुझी कुठली? आम्ही शिकायचो तेव्हा तू चड्डीत होतास. ही वळणं हाईत. जुन्या रोडची." बोट ठेवून ठेवून सांगायला लागले. माळेगावच्या पुढे चिंचेचं झाड आणि त्याला धरून उजवीकडे. माळाकोळीच्या पुढे अरुंद पूल, एका वेळी एकच गाडी. अहमदपूरच्या अलीकडे विहीर आणि लगेच डावीकडे. चाकूरच्या अलीकडे तर दोन वळणं लागून, त्याला आम्ही साप म्हणायचो. रोड रुंद झाला, चार पदरी आला, सगळं काढून सरळ केलं. "भुजंगराव शिकवायचे आम्हाला. हितं पाय ठेव, हितं सोड. डोळे झाकून बी हाच रोड मारीन म्हणायचे."

वही बंद करून आलो.

१४ जानेवारी

संक्रांत. काकूंनी तिळगूळ दिला. काकांनीही दिला, माझ्या हातात नाही, माझ्या मनगटावर. मग चाचपून हातात.

मला काही लिहावंसं वाटत नाही. दिसेल तेच लिहायचं ठरलं होतं. पण अजून डोळ्याने पाहिलेलं नाही. २३ ला बघणार. दिव्याकडे नाही. टॉवेलकडे.

२३ जानेवारी, गुरुवार

सगळं क्रमाने लिहितो.

४५ ला मी वेग साठवर आणला आणि मीटर सोडून मधे पाहिलं. टॉवेल हँडब्रेकवर पडलेला. टॉवेलखाली काकांचा उजवा हात. ४६ आला. टॉवेल इंचभर वर उचलला गेला. अगदी हळू, टोकाचं बटण दाबून धरून, जसा सराईत माणूस ब्रेक दाबतो तसा. लाल दिवा. सहा सेकंद. मग टॉवेल खाली.

आम्ही सरळ रस्त्यावर होतो आणि काका चिंचेच्या झाडावरून उजवीकडे वळले होते.

दिवा लागला की मी ओरडायचो, काका बघायला वाकायचे, वाकताना हात सुटायचा, दिवा विझायचा. पाच महिने! खाजाभाई बसले तेव्हा लागला नाही, कारण खाजाभाईंना हा रस्ता माहीत नाही. शहरात लागत नाही, कारण शहरात माझा हात सारखा गिअरवर असतो. यात्रेच्या रांगेत त्यांचा अंदाज चुकला होता. सगळं जुळलं. मला इतकं हलकं वाटलं की हसू आलं. मला भास होत नाही!

५२ ला मी बोललो. नीट बोललो, आवाज चढवला नाही. म्हणालो, काका, पुढचा अरुंद पूल आता नाही. मोठा झाला. दोन गाड्या शेजारी शेजारी जातात.

टॉवेल हलला नाही. दिवा लागला नाही.

मग काकांनी विचारलं, "कधी काढला?"

म्हणालो, तीन-चार वर्षं झाली.

"आन् मागं चिंच गेली ती?"

म्हणालो, चिंच पण नाही काका. मधे दुभाजक आहे. त्यात फुलझाडं लावली आहेत.

"बरं," म्हणाले.

६४ च्या आधी सांगितलं, विहीर बुजवली, वळण काढलं. ८४ ला सांगितलं. ९७ ला सांगितलं की साप नाही आता, सरळ आहे, अगदी सुतासारखा. एकदाही लागला नाही. मागे काकू आरशात दिसल्या, बाहेर बघत होत्या.

एक गोष्ट मनात आली. दुभाजक दिसत नाही, म्हणजे समोरचं काहीच दिसत नाही. पण उपचार चालू आहेत. फरक पडेल हळूहळू.

लातूरला चाकांना हात लावला. चारही सारखी!

येताना काका म्हणाले, मी मागं बसतो. डोळा लागला असावा, नांदेडपर्यंत एक शब्द नाही. बैलाचं नाही, कंडक्टरचं नाही.

संगमेशदादांना फोन केला. डोळ्यांचं काही बोललो नाही. सांगितलं, काकांचा हात सवयीने हँडब्रेकवर जायचा. खूप हसले. म्हणाले, बाबा रिटायर झालेच न्हाईत अजून! गाडी राहू दे, तूही राहा. शाबास म्हणाले. मला आजपर्यंत कोणी शाबास म्हटल्याचं आठवत नाही.

खाजाभाईंनाही कळवलं. त्यांनी कान पकडल्याचं चित्र पाठवलं.

२६ जानेवारी

आईला फोनवर सगळं सांगितलं. तिला फारसं कळलं नाही, पण आनंद झाला.

१ फेब्रुवारी

संगमेशदादा आले होते. गाडी स्वतः फिरवून पाहिली. दिवा लागणार नव्हताच. काका बाहेर आले नाहीत, पलंगावरच होते. दादा म्हणाले, थंडीने आखडलेत. संध्याकाळच्या गाडीने परत गेले.

५ फेब्रुवारी

काकूंचा फोन. उद्याचं लातूर रद्द. मी विचारलं, पुढच्या गुरुवारी? बघू म्हणाल्या.

६ फेब्रुवारी, गुरुवार

राहवलं नाही. गाडी पुसायच्या निमित्ताने गेलो. काका आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून. जेवायला पण उठत नाहीत म्हणे.

काकू पायरीवर बसून शेंगा फोडत होत्या. मी म्हणालो, काकू, इंजेक्शन चुकवू नये. लातूरला जाऊ. माझ्या चालवण्यावर राग असेल तर काका म्हणतील तसं चालवतो.

त्यांनी हात थांबवला नाही. म्हणाल्या, "इंजेक्शनं कवाच बंद झाली रे. दिवाळीच्या आधी डॉक्टरनं सांगितलं, आता येऊन उपयोग न्हाई. संगमेशला सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर त्यानं गाडी काढली असती."

मग दर गुरुवारी दवाखान्यात काय करत होतात?

"मनिषासंगं कॅन्टीनात चहा. तासभर बसायचं, परत निघायचं." शेंगा सुपात टाकत राहिल्या. "घरात ह्यायला माझं तोंडबी दिसत न्हाई. गाडीत बसले की सगळं दिसायचं."

त्या माझ्यावर रागावल्या असत्या तरी चाललं असतं.

घरी येऊन या रोजनिशीची मागची पानं उघडली. पट्टी शेवटची १७ ऑक्टोबरला. माझ्याच अक्षरात.

७ फेब्रुवारी

दगडोबांची उद्या सुट्टी आहे. नवीन वही घेऊन जातो. जुना रस्ता सगळा उतरवून घ्यायचा, झाडांसकट. मग काकांना म्हणायचं — काका, चिंच आली.